सेंट मॅग्नस कथीड्रलची प्रतिकृती : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४, पुणे

प्रतिकृतीचे प्रमाण आज निश्चित केले: १:१००. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर कर्कवॉल नावाचे गाव आहे आणि तिथले सेंट मॅग्नस कथीड्रल (कथीड्रल म्हणजे बिशपचे मुख्य चर्च) पूर्व-पश्चिम सुमारे ६९ मीटर लांब आहे. म्हणजे आपली प्रतिकृती ६९ सेंटिमीटरची होईल आणि वर्गातल्या एका टेबलावर नीट मावेल. याहून लहान प्रमाण घेतले तर दगडांच्या थरांतला लाल-पिवळा फरक दाखवता येणार नाही. लाकूड शिवणीचे वापरायचे, कारण ते कोरायला मऊ आहे आणि त्याचा मूळ पिवळसर रंग पिवळ्या दगडासाठी तसाच ठेवता येईल. लाल दगडाच्या जागी गेरूचे पाणी द्यायचे.

हेतूही लिहून ठेवतो, कारण दोन-तीन महिन्यांनी कामाच्या रगाड्यात तोच आधी हरवतो. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना जीर्णोद्धार शिकवताना ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारी लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातून असा समज होतो की इमारत एकदा चांगली होती, मग बिघडली आणि शेवटी दुरुस्त झाली. या कथीड्रलचा इतिहास वाचताना तो समज कुठेच टिकत नाही. म्हणून प्रतिकृतीचे काही भाग सुटे करायचे आहेत: मनोऱ्याचे टोक, पूर्वेकडची आडभिंत, आतले लाकडी सज्जे आणि पश्चिमेची भिंत. यांतला कोणता भाग बसवला आणि कोणता काढला, यावरून समोर कोणते शतक आहे ते ठरेल.

शब्दांबद्दल एक निर्णय. पश्चिमेकडच्या लांब सभामंडपाला नेव्ह, पूर्वेकडे वेदीच्या अलीकडे असलेल्या गायकवृंदाच्या भागाला क्वायर आणि दोन्ही बाजूंच्या खांबांमागच्या अरुंद पट्टीला ओवरी म्हणायचे. ‘ओवरी’ देवळातली असली तरी तिचे काम इथे जवळजवळ तेच आहे.

१४ जानेवारी

गेल्या जूनमध्ये कर्कवॉलला नऊ दिवस राहून काढलेली छायाचित्रे आणि मापांच्या वह्या आज लावून घेतल्या. जूनमध्ये तिथे रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे दिवसभर आत काम करून जेवणानंतर बाहेरच्या भिंतींकडे पुन्हा बघता येत असे. मावळतीचे ऊन पश्चिम भिंतीवर तिरके पडले की दगडाची झीज जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती भर दुपारी कधीच दिसत नाही.

बांधकामात दोन दगड आहेत. लाल वालुकाश्म गावाच्या पूर्वेला काही किलोमीटरवर असलेल्या हेड ऑफ हॉलंड इथल्या खाणीतला आहे आणि पिवळा वालुकाश्म ईडे नावाच्या बेटावरून होडीने आणलेला आहे. दारांच्या कमानींत हे दोन रंग आलटून-पालटून बसवले आहेत आणि दक्षिण बाजूच्या आडव्या बाहूच्या दारावर ही रचना फार देखणी दिसते. पश्चिमेच्या तीन दारांवर मात्र वारा, पाऊस आणि समुद्राचे खारे तुषार यांनी शतकानुशतके काम केले आहे. वालुकाश्मात वाळूचे कण एका बंधकाने धरलेले असतात. दगडात शिरलेले खारे पाणी सुकताना आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि कणांची पकड सैल करतात. तिथल्या काही नक्षीदार दगडांचे कोपरे आता भिजून विरघळलेल्या साबणाच्या वडीसारखे दिसतात. प्रतिकृतीत ही झीज कशी दाखवायची हे अजून ठरलेले नाही.

२८ जानेवारी

तळाची पाटी आणि पायाची रेषा कापून झाली. आज अर्धा दिवस स्थापनेच्या टिपणात गेला. प्रतिकृतीच्या पुस्तिकेत हा भाग थोडक्यात घ्यायचा आहे, पण इथे जरा सविस्तर लिहितो.

ऑर्कनी बाराव्या शतकात स्कॉटलंडचे नव्हते. ती नॉर्वेच्या सत्तेखालची बेटे होती आणि तिथे अर्ल म्हणजे सरदार राज्य करत. मॅग्नस आणि हाकोन हे दोन चुलत भाऊ एकाच प्रदेशाचे वाटेकरी होते. सुमारे १११७ मध्ये एगिलसे बेटावर समेटाच्या भेटीत हाकोनने मॅग्नसला मारायला लावले. ऑर्कनीच्या अर्लांची कथा सांगणाऱ्या ऑर्कनेइंगा सागा या जुन्या आइसलँडी ग्रंथात असे आहे की हे काम हाकोनच्या आचाऱ्यावर सोपवले गेले आणि चोरासारखे शीर तोडू नकोस, डोक्यावर घाव घाल, असे मॅग्नसने त्याला सांगितले. हा तपशील मुद्दाम नोंदवतो, कारण आठशे वर्षांनी एका खांबाच्या पोकळीत त्याचा संबंध पुन्हा येणार आहे.

मॅग्नसचा भाचा रोग्नवाल्ड याने अर्लपद मिळाले तर मामाच्या नावाने दगडी मंदिर बांधीन असा नवस केला आणि ते मिळाल्यावर ११३७ मध्ये काम सुरू केले. देखरेख त्याचा बाप कोल करत होता. गवंड्यांच्या कामाची धाटणी इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कथीड्रलशी इतकी जुळते की तिकडचे कारागीर इकडे आले असावेत, असे अभ्यासक मानतात. थोड्याच काळात पैसा संपला. तेव्हा रोग्नवाल्डने शेतकऱ्यांशी सौदा केला: वारसाहक्काने जमीन पुढच्या पिढीकडे जाताना अर्लला दर वेळी जे द्यावे लागे, त्याऐवजी प्रत्येक नांगरटीमागे एकदाच एक मार्क (तेव्हाचे चलन) द्यावा आणि जमीन कायमची आपली करून घ्यावी. मंदिराच्या भिंती उभ्या राहिल्या त्या या पैशावर. नवस अर्लचा, फेडला शेतकऱ्यांनी.

४ फेब्रुवारी

क्वायरच्या पूर्व टोकाचा पहिला तुकडा चुकला. मूळ बाराव्या शतकातले टोक अर्धवर्तुळाकार होते आणि पुढच्या काही दशकांतच ते पाडून क्वायर पूर्वेकडे लांबवला गेला; आजचे टोक चौकोनी आहे. मी नकाशावरची जुनी रेषा धरून अर्धवर्तुळ कापले होते. तुकडा फेकून दिला नाही. तळाच्या पाटीवर त्याची बाह्यरेषा कोरून ठेवली आहे, म्हणजे चौकोनी टोक उचलले की खाली जुना आकार दिसेल.

बांधकामाचा पहिला टप्पा संपायच्या आतच पाडकाम झाले होते, हे विद्यार्थ्यांना सांगायला ही चूक उपयोगी पडेल. पुढची भर तर जवळजवळ तीनशे वर्षे पडत राहिली. तेव्हा ‘मूळ स्वरूप’ म्हणून बोट कशावर ठेवायचे, हा प्रश्न झिजेच्या आधीपासूनचा आहे.

१८ फेब्रुवारी

मालकीचे टिपण. या प्रकल्पाचा कणा माझ्या मते हाच आहे, म्हणून त्यासाठी वेगळी नोंद.

१४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला क्रिस्तियान याने मुलीचे लग्न स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स याच्याशी ठरवले. हुंडा ६०,००० गुल्डनचा ठरला होता आणि त्यातल्या ५०,००० साठी ऑर्कनी बेटे गहाण पडली. ते गहाण कधी सुटलेच नाही. १४७२ मध्ये बेटे स्कॉटलंडच्या राजसत्तेला जोडली गेली आणि इथला बिशप, जो तोपर्यंत नॉर्वेतल्या त्रोंढाइमच्या मुख्य बिशपच्या हाताखाली होता, तो स्कॉटलंडच्या धर्मव्यवस्थेत आला. पुढे १४८६ मध्ये जेम्सने कर्कवॉलला नगराची सनद दिली आणि त्या सनदेत कथीड्रल गावकऱ्यांच्या स्वाधीन केले. ते ना बिशपचे राहिले ना राजाचे, गावाचे झाले. आजही त्याची देखभाल ऑर्कनीची स्थानिक परिषद करते. रविवारी तिथे चर्च ऑफ स्कॉटलंडची प्रार्थना होते, आणि या पंथात बिशप नसतात. म्हणजे बिशपच नसलेल्या या इमारतीला सगळे गाव अजून ‘कथीड्रल’ म्हणते.

ही मालकी म्हणजे नुसते भाग्य होते, असे मात्र मला वाटत नाही. गावाकडे हक्क होता, पण उत्पन्न नव्हते. पुढच्या चारशे वर्षांत जी दुर्दशा झाली तिचे कारण बरेचसे यात आहे, आणि इमारत पाडली गेली नाही याचेही कारण यातच आहे.

२५ फेब्रुवारी

नेव्हच्या उत्तर बाजूचे खांब आज उभे केले. खांब गोल आणि जाड आहेत, त्यांच्यामधले अंतर कमी आहे आणि मध्यभाग अरुंद. आतली उंची साधारण २१ मीटरच आहे, तरी आत शिरल्यावर ती कितीतरी जास्त वाटते. प्रतिकृतीत डोळा टेबलाच्या पातळीला आणून पाहिले तर हा परिणाम थोडासा मिळतो. नेव्हमध्ये काही ठिकाणी मध्ययुगातल्या रंगीत नक्षीचे पुसट ठसे अजून दिसतात. आज आपल्याला भावतो तो उघडा दगड तेव्हा सगळीकडे उघडा नव्हता.

मिस्त्रींनी एका खांबाला ओळंबा लावून विचारले, “सर, खांब सरळ धरायचा की तुमच्या फोटोत आहे तसा?” फोटोतला खांब किंचित बाहेर झुकलेला आहे हे त्यांनी माझ्या आधी पाहिले होते. तूर्त सरळ धरायला सांगितले आहे.

३ मार्च

ऱ्हासाचा काळ, पहिला भाग.

१५६० च्या धर्मसुधारणेत, म्हणजे देश कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झाला तेव्हा, स्कॉटलंडमधल्या अनेक मोठ्या मंदिरांची मोडतोड झाली किंवा ती वाऱ्यावर सोडली गेली. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या एल्गिनच्या कथीड्रलचे छपरावरचे शिसे १५६७ मध्ये सरकारी आदेशाने काढून घेतले गेले. छप्पर उघडे पडले की पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरते आणि मग वर्षे मोजायची एवढेच उरते. एल्गिनचा मधला मनोरा १७११ मध्ये कोसळला. कर्कवॉलला असे झाले नाही. इथला बिशप ॲडम बॉथवेल स्वतःच सुधारणेच्या बाजूने गेला आणि बदल तुलनेने शांतपणे झाला. पण बिशपच्या जमिनींचे उत्पन्न लवकरच अर्ल रॉबर्ट स्ट्यूअर्टच्या हाती गेले. इमारत वाचली, तिला पोसणारा पैसा आटला.

नव्या उपासनेला प्रवचन ऐकू येईल एवढीच जागा लागत होती. ती क्वायरमध्ये भागत असे. म्हणून क्वायर आणि नेव्ह यांच्यामध्ये आडभिंत घालून पूर्वेचा भाग प्रार्थनेला ठेवला गेला आणि पश्चिमेचा मोठा सभामंडप रिकामा राहिला. रिकामी जागा रिकामी राहत नाही. नेव्हच्या जमिनीत पुरण्याचा प्रघात वाढत गेला. सतराव्या शतकातल्या कवटी, हाडे आणि वाळूचे घड्याळ कोरलेल्या कबरशिळा आज ओवऱ्यांच्या भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या आहेत आणि दगडी कोरीवकाम म्हणून त्या खरोखर पाहण्यासारख्या आहेत. क्वायरच्या दक्षिणेला भिंतीच्या जाडीत ‘मार्विक्स होल’ नावाची कोठडी आहे, तिथे कैदी ठेवत. चेटकिणी ठरवलेल्या बायकाही त्यांत होत्या. दुहेरी फाशीची एक लाकडी शिडी वरच्या मजल्यावर अजून जपून ठेवली आहे: एका बाजूने कैदी चढायचा आणि दुसऱ्या बाजूने जल्लाद. देवाचे घर, स्मशान आणि तुरुंग एका छपराखाली चालले होते, आणि त्या काळच्या गावाला त्यात वावगे काही वाटत नव्हते.

आडभिंतीचा तुकडा आज कापला. सुट्या भागांतला हा पहिला पूर्ण तुकडा.

९ मार्च

ऱ्हासाचा काळ, दुसरा भाग, हा थोडक्यात.

१६१४ मध्ये अर्ल पॅट्रिक स्ट्यूअर्टच्या मुलाने बंड केले तेव्हा बंडखोरांनी मनोऱ्याचा आसरा घेतला. त्यांना मोडायला समोरच्या मुख्य भूमीवरून आलेल्या केथनेसच्या अर्लला पुढे गावातल्या किल्ल्याबरोबर कथीड्रलही पाडायचे होते. बिशप जेम्स लॉ मध्ये पडला म्हणून ते टळले. किल्ला पाडला गेला आणि आज त्याचा मागमूस नाही. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याचे सैन्य गावात होते, आणि त्या सैन्याने कथीड्रलमध्ये मुक्काम ठोकून घोडीही बांधली, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

१६७१ मध्ये मनोऱ्यावरच्या लाकडी टोकावर वीज पडून ते जळाले. मनोऱ्यात १५२८ मध्ये बिशप मॅक्सवेलने दिलेल्या तीन घंटा होत्या. आगीत त्या खाली आल्या. सर्वांत मोठीला इजा झाली आणि ती १६८२ मध्ये ॲम्स्टरडॅमला नव्याने ओतून घ्यावी लागली. जळालेल्या उंच टोकाच्या जागी मात्र एक बसके, पिरॅमिडच्या आकाराचे छप्पर टाकले गेले. पैसा नसलेल्या मालकाने केलेली ही दुरुस्ती होती: घंटा वाजली पाहिजे आणि पाणी आत येता कामा नये, एवढेच. ते बसके छप्पर दोनशेहून अधिक वर्षे टिकले आणि जुन्या चित्रांत, छायाचित्रांत कथीड्रल दिसते ते त्याच टोपीसह.

२३ मार्च

सुट्या मनोऱ्याची बसकी टोपी तयार झाली. तिच्यात आठ-दहा तासांचे काम होते आणि ते सुबक उतरले, हे स्वतःशीच कबूल करतो.

आज १८४५ चे टिपण लिहिले. लंडनच्या सरकारने त्या वर्षी, ही वास्तू राजसत्तेची आहे असे समजून, दुरुस्ती हाती घेतली. क्वायरमधली बाके आणि सज्जे निघाले, प्रार्थनेला येणाऱ्यांना बाहेर पडावे लागले आणि दगडी अंतर्भाग बऱ्याच काळाने मोकळा दिसू लागला. त्याच कामात १८४८ मध्ये क्वायरच्या उत्तरेकडच्या एका खांबात मानवी हाडे सापडली आणि ती संत मॅग्नसची असे मानले गेले. मग नगरपरिषदेने जुन्या सनदेकडे बोट दाखवून मालकी परत मागितली आणि ती तिला मिळाली. मालकी परत मिळाल्यावर गावाने पहिले काय केले? क्वायरमध्ये पुन्हा आडभिंत, बाके आणि सज्जे बसवले.

जतनाच्या दृष्टीने पाहणारा यावर कपाळावर हात मारील. मीही पहिल्यांदा मारला होता. पण गावाच्या बाजूने पाहिले तर बाहेरच्या अधिकाऱ्यांना एक सुंदर मोकळा अवशेष हवा होता आणि गावाला थंडीत बसून प्रवचन ऐकता येईल अशी जागा हवी होती. इमारत शतकानुशतके सोडून न देण्याचे कारण तो रोजचा वापरच होता. आपल्याकडे गावच्या देवळाला जीर्णोद्धाराच्या नावाने ऑइलपेंट आणि चकचकीत फरशी बसवणाऱ्या समित्यांवर आपण चिडतो. ते चिडणे रास्तच आहे. तरी तिथे दिवा लागतो म्हणून देऊळ उभे आहे, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून नीट घालता येत नाही आणि पुस्तिकेत तो घातल्याचा आवही आणायचा नाही.

७ एप्रिल

लाकूड कापणाऱ्या दुकानातून छपराच्या पट्ट्या ठरलेल्या जाडीच्या आल्या नाहीत. अर्धा मिलिमीटर जास्त. रंधा मारून बसवाव्या लागल्या. दोन दिवस गेले.

१४ एप्रिल

थोम्सचे मृत्युपत्र. या सगळ्या इतिहासातले सर्वांत गमतीदार प्रकरण हे आहे आणि ते गाळणे मला जमणार नाही.

जॉर्ज हंटर मॅकथॉमस थोम्स हे केथनेस, ऑर्कनी आणि शेटलंडचे शेरीफ, म्हणजे तिथल्या पद्धतीप्रमाणे न्यायाधीश. १९०३ मध्ये ते वारले तेव्हा त्यांनी कथीड्रलच्या जीर्णोद्धारासाठी सुमारे ६०,००० पौंड ठेवलेले निघाले. त्या काळी एका बेटावरच्या लहान गावाच्या कल्पनेपलीकडची ही रक्कम होती. वारसांनी साहजिकच कोर्टाची पायरी चढली: माणसाचे डोके ठिकाणावर नव्हते, म्हणून मृत्युपत्र रद्द करा. पुरावा म्हणून त्यांच्या लहरींची यादीच मांडली गेली. ते घरातल्या नोकरांना बारीकसारीक चुकांसाठी दंड करत, आणि दंडाच्या तडाख्यातून घरातली मांजरही सुटत नसे. पुनरुत्थानाच्या, म्हणजे सगळे मेलेले पुन्हा उठतील त्या दिवशी, उठण्याच्या धांदलीत आपण मागे पडू नये म्हणून आपल्याला वेताच्या हलक्या पेटीत पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. एडिंबरोच्या वर्तमानपत्रांना काही महिने दुसरा विषय लागला नसेल. शेवटी पैसा कर्कवॉललाच मिळाला. विक्षिप्तपणा आणि वेड यांतला फरक कायद्याने मान्य केला आणि त्या फरकावर एक मनोरा उभा राहिला.

२८ एप्रिल

त्या पैशातून १९१३ ते १९३० या काळात मोठा जीर्णोद्धार झाला. वास्तुविशारद होते जॉर्ज मॅकी वॉटसन. मधे पहिले महायुद्ध होऊन गेले.

वॉटसन यांनी आडभिंत आणि सज्जे काढले. पश्चिम दारातून आत शिरल्यावर पूर्वेच्या मोठ्या खिडकीपर्यंत नजर थेट जाते, ती या निर्णयामुळे. खिडक्यांत ऑस्कर पॅटरसन यांच्या रंगीत काचा बसल्या. मनोऱ्यावरची बसकी टोपी काढून तांब्याच्या पत्र्याने मढवलेले उंच, निमुळते टोक चढवले गेले. तेच आज हिरवे पडलेले लांबून दिसते आणि बोटीने येणारा माणूस कर्कवॉल ओळखतो ते त्याच्यावरून. तांबे हवेत उघडे राहिले की त्यावर हिरवा थर चढतो आणि खालच्या धातूचे संरक्षण करतो, म्हणून खाऱ्या हवेत ही निवड शहाणपणाची म्हणावी लागेल.

पण हे टोक १६७१ पूर्वीच्या लाकडी टोकाची नक्कल नाही. वॉटसन यांनी अशा मनोऱ्याला शोभेल असे एक टोक रचले. मला ते आवडते. तरीही नोंदवून ठेवतो की बसकी टोपी दोनशेहून अधिक वर्षांची होती, गावाच्या सात-आठ पिढ्यांनी ती पाहिली होती आणि ती काढली गेली ती मोडकळीला आली एवढ्याच कारणाने नव्हे. तिच्यात गरिबी दिसत होती. इंग्लंडमध्ये कलाकार-लेखक विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढून असल्या ‘सुधारणां’विरुद्ध जाहीरनामा लिहिला, त्यालाही तेव्हा तीन दशके उलटून गेली होती. आडभिंतीच्या बाबतीत मी वॉटसन यांच्या बाजूचा आहे, टोपीच्या बाबतीत पूर्णपणे नाही.

उंच टोकाला खऱ्या तांब्याचा पातळ पत्रा लावला. हिरवा रंग देण्याऐवजी तो मीठ आणि व्हिनेगरच्या वाफेत दोन रात्री ठेवला आहे.

५ मे

पत्रा हिरवा झाला, पण ठिपक्याठिपक्यांनी. राहू दिला.

१९१९ ची नोंद. ३१ मार्च १९१९ रोजी जीर्णोद्धाराच्या कामात क्वायरच्या दक्षिणेकडच्या खांबात दगडामागे एक पोकळी लागली आणि तीत एक लाकडी पेटी होती. पेटीत मानवी सांगाडा आणि कवटी होती. कवटीवर घावाने पडलेली फट होती. सागात वर्णन केलेला डोक्यावरचा घाव आणि ही फट यांचा मेळ बसल्यामुळे ही हाडे मॅग्नसची असल्याचे मानले गेले आणि १८४८ मध्ये समोरच्या खांबात सापडलेली रोग्नवाल्डची ठरली. हाडे पुन्हा खांबातच ठेवली आहेत. धर्मसुधारणेच्या धामधुमीत कुणीतरी ती लपवली, की त्याआधीच ती तिथे होती, यावर मला तर्क लढवायचा नाही. प्रतिकृतीत दक्षिणेच्या त्या खांबात तांदळाच्या दाण्याएवढे भोक पाडून बुजवले आहे. ते कुणाला दिसणार नाही.

१९ मे

पश्चिम भिंत. हा भाग सर्वांत अवघड होता आणि माझ्या मते पुस्तिकेत सर्वांत जास्त पाने त्यालाच द्यायला हवीत, कारण १९३० ला ‘जीर्णोद्धार पूर्ण’ असे लिहून वही मिटता येत नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असे लक्षात आले की इमारतीचे पश्चिम टोक उरलेल्या भागापासून बाहेरच्या बाजूला सुटत चालले आहे आणि भेगा वाढत आहेत. दगडी कमानींच्या छताचे काम समजून घेतले तर याचे आश्चर्य वाटत नाही. कमान आपले वजन नुसते खाली सोडत नाही, ती बाजूलाही ढकलते. नेव्हच्या मधल्या भागात एका कमानीचा रेटा शेजारची कमान पेलते. रांगेच्या शेवटी शेजारीच नसतो, तिथे सगळा रेटा टोकाच्या भिंतीवर येतो. त्या भिंतीत तीन दारे आणि वर मोठी खिडकी, म्हणजे भरीव भाग आधीच कमी. हे लक्षात येताच गावाने निधी उभारण्याचे जाहीर आवाहन केले, जगभर पांगलेल्या ऑर्कनीकरांनीही पैसे पाठवले आणि पश्चिम टोक बळकट करण्याचे काम झाले. १९८७ मध्ये, ८५० व्या वर्षी, त्याच पश्चिम भिंतीत क्रिअर मॅकार्टनी यांनी केलेली नवी रंगीत खिडकी बसली आणि तिचे अनावरण राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. पाहुणे खिडकीचे फोटो काढतात. भिंत उभी ठेवणारे काम फोटोत येत नाही.

थोम्सच्या ६०,००० पौंडांत डोळ्यांना दिसणारे पुष्कळ झाले होते, टोक, काचा, मोकळा क्वायर. पश्चिम टोकाचा प्रश्न मात्र काम संपल्यावर चाळीसेक वर्षांनी गावाच्या दारात येऊन उभा राहिला. वॉटसन यांना दोष देण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही आणि भेगा त्यांच्या काळात कितपत बोलत होत्या हे पुण्यात बसून सांगता येणार नाही. मी माझ्या कामातला धडा तेवढा घेतला: अंदाजपत्रकात भेगांवर खुणा लावून दर सहा महिन्यांनी मोजमाप घेण्याची रक्कम पहिल्या ओळीत घालायची.

पश्चिम भिंतीचे दोन तुकडे केले आहेत, एक सरळ आणि एक बाहेर झुकलेला. झुकाव प्रमाणात दाखवला तर डोळ्याला कळणारच नाही, म्हणून तो वाढवून दाखवला आहे आणि तसे पाटीवर लिहायचे आहे. मिस्त्रींच्या मनाला हे पटले नाही. मुद्दाम वाकडे काम करायला हात वळत नाही म्हणाले. तो तुकडा मीच केला.

२ जून

आतले किरकोळ भाग. उत्तरेच्या ओवरीत ‘रॉयल ओक’ या युद्धनौकेची घंटा आहे. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी ऑर्कनीतल्या स्कापा फ्लो या नांगरवाड्यात पाणबुडीच्या हल्ल्यात ती बुडाली आणि ८०० हून अधिक माणसे गेली. घंटेजवळ त्यांच्या नावांचे पुस्तक उघडे ठेवलेले असते आणि त्याचे पान उलटत राहतात. पूर्व टोकाला १९६५ मध्ये स्टॅन्ली कर्सिटर यांच्या आराखड्यावरून रोग्नवाल्डच्या नावाचे छोटे प्रार्थनास्थान तयार झाले. १:१०० प्रमाणात या दोन्ही गोष्टी फार लहान होतात. प्रार्थनास्थान वगळले. घंटेच्या जागी पितळेची एक टाचणी ठोकली.

१६ जून

आज सगळे भाग पहिल्यांदा एकत्र जोडून पाहिले. चार जुळण्या छायाचित्रांसाठी ठरवल्या: १६०० च्या आसपासची, १७५० ची, १९०० ची आणि १९३५ ची. १७५० आणि १९०० या बाहेरून अगदी सारख्या दिसतात, कारण सगळा फरक आत आहे. म्हणून नेव्हचे अर्धे छप्परही सुटे करावे लागले. पाचवी जुळणी, म्हणजे ११३७ नंतरच्या पहिल्या काही दशकांतली, करता आली नाही. तेव्हाचा नेव्ह कुठपर्यंत उभा होता हे ठरवायला माझ्याजवळ पुरेसा आधार नाही आणि अंदाजाने भिंती उभ्या केल्या तर या प्रतिकृतीचा उद्देशच बाजूला पडेल. तिच्याऐवजी तळपाटीवरचे ते अर्धवर्तुळ आहे.

पाटीवरच्या मजकुरात इमारतीचे नाव, गाव, प्रमाण आणि लाकडाचा प्रकार यांखाली ‘मालक : कर्कवॉलचे नागरिक, १४८६ पासून’ अशी एक ओळ घातली.

२३ जून

पश्चिमेच्या दारांची झीज शेवटी सँडपेपरने केली. नवी कोरलेली नक्षी आपणच घासून पुसायची, हे करताना हात जड झाला होता. मधल्या दाराच्या कमानीवर जरा जास्त घासले गेले आणि गेरूचा एक थर पूर्ण निघून खालचे पिवळे लाकूड उघडे पडले. मिस्त्रींनी दुपारी तो तुकडा पाहिला आणि रात्रीत नवा करून देतो म्हणाले. त्यांना नको म्हटले. पेटीत प्रतिकृती ठेवताना तो भाग पुढे येईल अशी बाजू धरली आहे. दोन्ही टोके आणि आडभिंत वेगळ्या कप्प्यात, कापसात.